राहिलेलं मत

“माझा वकील समोरच बसलाय,” दत्तू खराडे म्हणाले, आणि बोट केलं ते थेट प्रतिवादीच्या वकिलांकडे.

कोर्टात खसखस पिकली. हसायची बंदी फक्त मला होती. वारणेकाठच्या त्या तालुक्याच्या गावी दिवाणी न्यायाधीश म्हणून माझी पहिलीच नेमणूक झाली होती, आणि न्यायासनावर बसलेल्या बाईनं काय काय करू नये ते सगळं माझ्या डोक्यात अजून ताजं होतं. मी म्हाताऱ्यांना एवढंच विचारलं होतं, की आजोबा, तुम्ही वकील का दिला नाही. परवडत नसेल तर कोर्ट फुकट देतं. त्यावर हे उत्तर.

“ते तर तुमच्या विरुद्धचे वकील आहेत,” मी म्हटलं.

“आज असतील. दर रविवारी माझे असत्यात.”

आता कोर्ट उघड उघड हसलं, आणि अ‍ॅडव्होकेट शांतिनाथ हळिंगळे यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला त्याचं थोडं बरंच वाटलं, हे आज निवृत्त झाल्यावर सांगायला हरकत नाही.

हळिंगळे वकील दर रविवारी ‘नदीकाठ’ नावाच्या स्थानिक दैनिकात ‘उलटतपासणी’ हे सदर लिहीत. आठवड्यात कुठं काही निकाल लागला, दिल्लीत एखादा कायदा झाला, एखादा मंत्री कोर्टाबद्दल बरळला, की रविवारी हळिंगळे त्याची सालटी काढायचे. भीडभाड ठेवायची नाही आणि ‘कदाचित’ हा शब्द वापरायचा नाही, अशी त्यांनी शपथच घेतली असावी. सोमवारी चहाच्या गाड्यावर, कारखान्याच्या गेटवर, न्हाव्याच्या दुकानात त्यांचीच वाक्यं लोकांच्या तोंडी असत. मी रुजू होऊन महिना झाला नाही तोवर त्यांनी लिहिलं, की नवे न्यायाधीश निकाल द्यायला घाबरतात म्हणून तारखा देतात. नाव नव्हतं, पण तालुक्यात नवी न्यायाधीश एकच होती. मी ते क्वार्टरमध्ये बसून वाचलं, चहा गार केला आणि मूग गिळून बसले. आमच्या नोकरीत मत द्यायची सोय नाही. जे काही असेल ते निकालपत्रात, आणि तेही पुराव्याला धरून. सगळा तालुका बोलत होता आणि गप्प बसायचा पगार मला मिळत होता.

दावा साधाच होता. घर दत्तू खराड्यांचं, कारखान्यातल्या नोकरीवर बांधलेलं, उतारा त्यांच्या नावावर. बायको पूर्वीच गेलेली. एकुलता मुलगा वर्षापूर्वी मोटरसायकलच्या अपघातात गेला. घरात उरले सासरा आणि सून. त्या सुनेला, विजयमालेला, घराबाहेर काढून कब्जा द्यावा, अशी म्हाताऱ्यांची मागणी. विजयमाला सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला जायची. माहेरी भावाचा संसार दोन खोल्यांत, तिथं तिला जागा नव्हती. कब्जा दिला असता तर ती अक्षरशः रस्त्यावर आली असती. तिनं वकील म्हणून हळिंगळ्यांना धरलं, कारण ते तिच्याच दुकानात झेरॉक्स काढायला येत आणि पेपरात इतकं तिखट लिहिणारा माणूस कोर्टातही तसाच भांडेल असं तिला वाटलं.

कागद म्हाताऱ्यांच्या बाजूचे होते. सुनेलाही राहत्या घरात काही हक्क असतो, असं हळिंगळे मांडत होते आणि चांगलं मांडत होते. त्यांचं बोलून झाल्यावर मी दत्तू खराड्यांना विचारलं, की तुम्हाला काय सांगायचंय. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून चार घड्या घातलेलं पेपरचं कात्रण.

“मी काय सांगणार बाईसाहेब. सगळं हितं लिवलंय. ह्यांनीच लिवलंय.”

हळिंगळे ताडकन उठले. वर्तमानपत्राचं कात्रण हा पुरावा होऊ शकत नाही, त्यातला मजकूर ज्यानं लिहिला त्यानं येऊन शाबीत केल्याशिवाय तो वाचताही येणार नाही, असं ते तावातावानं बोलू लागले आणि मध्येच थांबले. आपण काय म्हणतोय ते त्यांच्या ध्यानात आलं होतं.

“लेखक हजर आहेत,” मी म्हटलं. “वाचा तुम्हीच.”

खरं तर ते कात्रण वाचायची काही गरज नव्हती. कायद्याच्या दृष्टीनं त्याची किंमत शून्य. पण त्या गार झालेल्या चहाची आठवण माझ्या मनात होती, आणि पक्षकाराचं म्हणणं ऐकून घेणं हे माझं कर्तव्यच होतं, असं मी स्वतःला बजावलं. पट्टेवाल्यानं कात्रण हळिंगळ्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी जरा लांब धरलं, मग जवळ. लेखाचं नाव होतं ‘घर कुणाचं?’. लांबच्या कुठल्याशा शहरात कोर्टानं मुलाला आणि सुनेला आईबापाचं घर सोडायला लावलं होतं, त्या बातमीवर लिहिलेलं. हळिंगळे वाचू लागले. म्हाताऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन बांधलेलं घर, पोरांनी त्यात आयतं येऊन बसणं, कायद्यानं अखेर डोळे उघडणं. वाचता वाचता त्यांना सूर सापडला. आपलीच वाक्यं मोठ्यानं वाचायला कुणाला आवडत नाही. बाकांवरच्या दोन वकिलांनी माना डोलावल्या. मग एका जागी त्यांचा आवाज किंचित अडखळला, पण ते पुढे गेले आणि शेवटपर्यंत वाचून खाली बसले.

“एक वाक्य राहिलं,” दत्तू खराडे म्हणाले.

“सगळं वाचलं मी.”

“न्हाई. मधलं राहिलं. सुनेचं.”

हळिंगळे कात्रणाकडे बघत उभे राहिले. मी म्हाताऱ्यांना म्हटलं, की तुम्हीच वाचून दाखवा. त्यांनी मान हलवली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अक्षर दिसत नाही. मग राहिलं हे कशावरून, असं मी विचारणार, तेवढ्यात हळिंगळ्यांच्या मागून आवाज आला.

“सून ही मुलाच्या बोटाला धरून घरात आलेली असते. बोट सुटलं की तिनं आपली वाट ओळखावी.”

विजयमाला उभी होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, नजर समोरच्या भिंतीवर. शाळेत कविता म्हणावी तसं तिनं ते वाक्य न अडखळता म्हटलं आणि ती खाली बसली.

“आत्ता झालं पुरं,” म्हातारे म्हणाले.

कोर्टात कुणी हसलं नाही. ज्या वाक्यानं तिला घराबाहेर काढायचं, ते वाक्य तिनंच आपल्या सासऱ्याला पुरवलं होतं, आणि तेही भर कोर्टात, स्वतःच्या वकिलानं लपवल्यावर.

“तुम्हाला हे पाठ कसं?” मी तिला विचारलं.

“तीनदा वाचलंय. मामांनी परत वाच म्हटलं, परत वाचलं.”

“म्हणजे पेपर तुम्ही वाचून दाखवता?”

“आधी हे दाखवायचे. ते गेल्यावर मी.”

मी म्हाताऱ्यांकडे वळले. “दावा लावल्यावरसुद्धा?”

“म्हंजे? रविवार काय दावा बघून येतोय व्हय? परवाचंबी तिनंच वाचलं. दुसरं कोण हाय घरात?”

लेख छापून आला तेव्हा तिच्या नवऱ्याला जाऊन चार महिने झाले होते. रविवारची सकाळ, पुढच्या सोप्यात बसलेला म्हातारा, समोर पेपर धरून ती. ते वाक्य पहिल्यांदा वाचताना तिला काय झालं असेल, आणि तरी ती न गाळता पुढं गेली असेल, आणि मग ‘परत वाच’ म्हटल्यावर परत. मी ते वाचलं असतं का? हळिंगळ्यांना तर स्वतः लिहिलेलं असून वाचता आलं नव्हतं. गार चहाचं उट्टं काढायची माझ्या मनातली मजा कुठल्या कुठे गेली. फार लाज वाटली मला.

“हळिंगळे, हे मत तुमचं?”

“माझंच आहे मॅडम.” त्यांनी नाकारलं नाही, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. “पण ते त्या बातमीवर लिहिलं होतं. या बाईंना लागू नाही.”

“वाक्यात तसं काही म्हटलेलं नाही.”

“सदराला जागा पाचशे शब्दांची असते,” ते म्हणाले, आणि आपलं हे बोलणं त्यांनाच इतकं केविलवाणं वाटलं, की त्यांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

मी कामकाज थांबवलं आणि तिघांना चेंबरमध्ये बोलावलं.

चेंबर म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि जुन्या कागदांचा वास. म्हातारे खुर्चीच्या कडेवर टेकले. विजयमाला उभीच राहिली, मी बस म्हणेपर्यंत. मी दत्तू खराड्यांना सरळ विचारलं, की ही तुम्हाला जेवायला घालत नाही का, उलट बोलते का, त्रास देते का. प्रत्येक प्रश्नाला त्यांची मान नकारार्थी हलली. मग का काढताय, यावर ते एकच सांगत राहिले: घर माझं आहे आणि पेपरात तसं लिहिलंय.

“पेपर बाजूला ठेवा,” मी म्हटलं. “लिहिणारे इथंच बसलेत. त्यांना आता काही लिहायचं नाही. तुमचं काय आहे ते सांगा.”

बराच वेळ ते हाताची बोटं मोडत बसले. मग जे निघालं ते असं. विजयमालेनं झेरॉक्सच्या पगारातून पैसे साठवून मिरजेला त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरवलं होतं. त्यांना न विचारता. आणि ठरवून घरी आल्यावर ती म्हणाली होती, आता मामा, तुमचं तुम्ही वाचाल, मी सुटले.

“सुटले म्हणाली,” म्हातारे म्हणाले. “मला काय कळत न्हाई? पोरीचं वय हाय. आज न्हाई तर उद्या जाणारच. माझं डोळं करायचं, मग मोकळं व्हायचं. ती जाताना बघत बसायचं का मी, नव्या डोळ्यांनी? त्यापरास मीच घालवतो म्हटलं. कायदाबी तसाच हाय म्हणत्यात.”

हळिंगळ्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

आता विजयमालेनं तोंड उघडलं ते सासऱ्याकडे न बघता, माझ्याकडे बघून.

“मॅडम, मी चेष्टेनं म्हटलं होतं. रविवारी सकाळी धुणं असतं, पाणी भरायचं असतं, त्यात मामांना आधी पेपर पाहिजे. म्हणून म्हटलं सुटले. मी जाणार असं कुणी सांगितलं? मामांनी ठरवलं मी जाणार. माझा भाऊ म्हणतो मी राहू नये. वकीलसाहेबांनी तर छापलंच. मला कुणी विचारलंय का? वर्षभर मी सगळ्या दुनियेची मतं वाचून दाखवते. माझं मत काय, हे एकदा तरी कुणी विचारलंय?”

तिनं डोळे पुसले, पण रागानं.

मी म्हटलं, “मी विचारते. काय मत आहे तुमचं?”

ती जरा गोंधळली. इतक्या लगेच कुणी विचारेल याची तिला कल्पना नसावी. मग सावकाश म्हणाली, “मला त्या घरात राहायचंय. हे गेले तरी घर मला आपलं वाटतं. पुढं लग्न करावंसं वाटलं तर मीच सांगीन, मामांना पहिल्यांदा सांगीन. पण आत्ता न्हाई वाटत. आणि मामांचं ऑपरेशन करायचंय. ते वाक्य मला पटलेलं न्हाई. मी काय बोटाला धरून आले नव्हते. माझ्या पायांनी आले होते.”

हळिंगळे खिडकीकडून वळले. वाद घालायला ते तोंड उघडतील असं मला वाटलं, कारण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, “हे माझ्यापेक्षा चांगलं वाक्य आहे.” आणि मग, “लिहिण्याआधी मी कुणाला तरी विचारायला पाहिजे होतं.” माझ्यावरच्या त्या तारखांच्या लेखाबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. माणसाकडून एका दिवसात फार अपेक्षा करू नये.

दत्तू खराडे सुनेकडे बघत होते. त्यांना ती धुरकट दिसत असणार, पण ते बघत होते.

“मला सांगायचं न्हाईस व्हय हे?” ते म्हणाले.

“तुम्ही पेपर वाच म्हणायचा. बोल कधी म्हणालात?”

तडजोड त्याच दिवशी झाली. हळिंगळ्यांनी माझ्यासमोरच तडजोडपत्र लिहायला घेतलं, आणि इतक्या ओळींत एकही विशेषण नसलेलं त्यांचं ते पहिलंच लेखन असावं. प्रतिवादी हिनं तहहयात त्या घरात राहावं. घर विकायचं नाही. ऑपरेशन दिवाळीआधी करावं. सह्या होणार, इतक्यात म्हातारे म्हणाले, “आणि एक घाला. रविवारी पेपर तिनंच वाचायचा. डोळं झालं तरी.”

“आजोबा, हे तडजोडपत्रात येत नाही,” हळिंगळे म्हणाले. “याची अंमलबजावणी कशी करणार? कोर्ट काय पेपर वाचायला बेलिफ पाठवणार आहे?”

“मग मलाबी एक घालायचंय,” विजयमाला म्हणाली. “वाचून झाल्यावर माझं मत ऐकायचं. मध्ये उठून जायचं न्हाई.”

हळिंगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. असलं कलम हुकूमनाम्यात घालणं मला शिकवलेल्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं. वर जिल्हा न्यायालयातून तपासणी झाली तर स्पष्टीकरण द्यावं लागलं असतं. मी खूप काही विचार केला असं नाही. घाला म्हटलं.

म्हणून त्या हुकूमनाम्याचं शेवटचं कलम असं आहे: ‘प्रतिवादीने दर रविवारी वादीस वर्तमानपत्र वाचून दाखवावे व तद्नंतर वादीने प्रतिवादीचे मत शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.’ माझ्या सहीनं, कोर्टाच्या शिक्क्यानं. पुढच्या नोकरीत मी मोठमोठे निकाल दिले, काही वर टिकले, काही नाही. पण तरुण न्यायाधीश कधी भेटायला आले, की मी त्यांना हेच कलम सांगते.

हळिंगळ्यांचं सदर चालूच राहिलं. धार तीच. फक्त कुठल्याही निकालावर लिहायचं झालं की ते आधी लिहीत, की या खटल्यातली माणसं मी पाहिलेली नाहीत, आणि मग सालटी काढायला लागत.

दोन वर्षांनी माझी बदली ठरली. जाण्याआधीच्या दिवसांतली गोष्ट. सोमवारी सकाळचं कामकाज सुरू होणार, तर समोर दत्तू खराडे उभे. नाकावर नवा चष्मा, हातात तीच प्लॅस्टिकची पिशवी, आत हुकूमनाम्याची नक्कल. दरखास्त लावायची म्हणाले, म्हणजे हुकूम पाळला जात नाही म्हणून कोर्टाकडे तक्रार.

“काय झालं आजोबा? विजयमाला कुठाय?”

“माहेरी गेलीया. भावजयीच्या बाळंतपणाला. शुक्रवारी येतो म्हणाली.”

“मग?”

“मग काल रविवार झाला की. कलम मोडलं.”

“पण तुमचे डोळे आता चांगले आहेत ना? पेपर तुम्हाला वाचता येतो.”

“येतोय की. सगळा वाचला, जाहिरातीसकट. ह्यांचं सदरबी वाचलं.” त्यांनी हळिंगळ्यांकडे मान केली. हळिंगळे पुढच्या बाकावर बसलेच होते आणि त्यांना राहवलं नाही.

“आजोबा, एवढंच असेल तर चला बाहेर, मी सांगतो माझं मत. चहापण देतो.”

दत्तू खराड्यांनी त्यांच्याकडे नव्या चष्म्यातून नीट पाहिलं.

“तुमचं वाचलंय,” ते म्हणाले. “तिचं राहिलंय.”

न्यायासनावर बसून मी पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. मग त्यांना पुढच्या सोमवारची तारीख दिली. मध्ये एक रविवार येत होता.